सर्वानुमते मंजूर झालेला हिवाळा

फेब्रुवारी लागला की आमच्या मुखेड तालुक्यातल्या रानात हरभऱ्यावर आंब धरते. पहाटे दव उतरलेल्या पिकावरून धोतराचं जुनं फडकं ओढत न्यायचं आणि ओलं झालं की भांड्यात पिळायचं. उतरतं ते दिसायला नुसतं पाणी. जिभेला लावलं की दोन्ही डोळे आपोआप मिटतात. ह्याच दिवसांत करडईचे काटे कडक होतात, ज्वारीच्या ताटांचा हिरवा रंग उडतो, आणि ह्याच दिवसांत बारावीची परीक्षा येते. मी राज्यशास्त्राचा मास्तर. पर्यवेक्षण असलं की तीन तास बाकांमधून हिंडायचं आणि बोलायचं नाही. पंख्याची घरघर, पुरवणीला दोरा ओवताना होणारी सुरसुर, खिडकीतून कुठून तरी येणारा भाजल्या हरभऱ्याचा, हुळ्याचा वास.

गप्प राहणं मला जमतं. फार चांगलं जमतं. एकदा तर मी अख्खा हिवाळा गप्प राहिलो होतो आणि माझ्या गप्प राहण्यापायी एक गाव हापशावर रांगा लावत होतं. यंदा बावन्न पूर्ण झाली. दरवर्षी ह्या दिवसांत ते वर येतं आणि दरवर्षी मी ते गिळतो. आता सांगून टाकतो.

त्या हिवाळ्यात इंग्लंडची संसद अडकली होती. तिथल्या लोकांनी थोडक्या फरकानं कौल दिला होता की युरोपच्या संघातून बाहेर पडायचं. ठरलं ते ठरलं. पण कसं पडायचं, ह्यावर संसदेत कुणाचं कुणाशी जुळेना. सरकार करार आणायचं, सभागृह फेटाळायचं. सरकारमधलेच लोक सरकारच्या विरुद्ध, विरोधकांतही दोन तोंडं. आयुष्यभर फळ्यावर मी ‘संसदीय लोकशाहीची जननी’ असं लिहीत आलो, आणि ती जननी माझ्या मोबाइलच्या चार बोटं पडद्यावर, हिरव्या बाकांवर दाटीवाटीनं बसून भांडत होती. सभापती घसा ताणून ‘ऑर्डर, ऑर्डर’ ओरडायचे. मीही वर्गात डस्टर आपटून तसंच ओरडायचो. पोरं हसायची. मलाही बरं वाटायचं.

त्यांची एक गोष्ट मला फार भावली. महत्त्वाच्या मतदानाला ते हात वर करत नाहीत, बटण दाबत नाहीत. उठतात आणि चालत जातात. होकारवाले एका पडवीत, नकारवाले दुसऱ्या. दारात एकेक डोकं मोजलं जातं, नाव लिहिलं जातं. कुणाच्या आड लपायची सोय नाही. आपलं मत आपल्याच पायांनी वाहून न्यायचं. मी ते पुन्हा पुन्हा बघायचो, आणि दर वेळी मोबाइल पालथा ठेवायचो. का, ते मला माहीत होतं.

आमचं गाव केवडी बुद्रुक. ओढ्यापलीकडे केवडी खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, पण खुर्दला कुणी धाकटं म्हणून दाखवावं. माझी थोरली बहीण, आक्का, खुर्दलाच दिलेली. दोन्ही गावांची पिण्याच्या पाण्याची योजना एकच: विहीर खुर्दच्या शिवारात तलावाखाली, टाकी आमच्या माळावर. विहिरीतलं पाणी आमच्या टाकीत चढायचं आणि तिथून दोन्ही गावांत उतरायचं. पाणी त्यांचं, उंची आमची. ज्यानं ही आखणी केली तो शहाणा माणूस असणार; एकाला दुसऱ्यावाचून सुटका ठेवली नव्हती त्यानं.

त्या साली पाऊस तोकडा झाला. ऐन दिवाळीत मोटार बिघडली म्हणून तीन दिवस नळ आले नाहीत, आणि खुर्दवाल्यांनी मोटार मुद्दाम बंद ठेवली अशी हूल उठली. मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. सरपंच अप्पा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, किराणा दुकान थोरल्या मुलावर सोपवून आलेले. सभा कसली, बाजार.

“निघा म्हणतो बाहेर! आपली टाकी, आपलं पाणी!” नामदेवकाका ओरडले.

“टाकी हाय काका, पाणी कुठून आणता?”

“आभाळातून.”

“मग बसा टाकीत, वर तोंड करून.”

हशा, शिव्या, पुन्हा हशा. कुणी म्हणालं निघू, कुणी म्हणालं बघू, बाया मागं भिंतीला टेकून पदर तोंडात धरून उभ्या, त्यांना कुणी विचारलं नाही. चहा संपला तशी निम्मी सभा उठली. काही ठरलं नाही.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्या सभेत सह्या आधी होतात. माणूस आला की कोऱ्या पानाखाली सही किंवा अंगठा करून बसतो. ती त्याची हजेरी. ठराव वर नंतर, सवडीनं लिहायचा. ग्रामसेवक म्हणायचे, “सर, तुमचं अक्षर मोत्यासारखं, तेवढं लिहून टाका.” वही माझ्या घरी यायची. मी सूचक म्हणून एक नाव घालायचो, अनुमोदक म्हणून दुसरं, आळीपाळीनं, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. आणि शेवटी दोन शब्द: सर्वानुमते मंजूर. बारा वर्षांत दुसरं काही लिहिलेलं मला आठवत नाही. सगळ्या गावाच्या सह्या खाली, सगळ्या गावाचं मन वर, आणि ते मन माझ्या अक्षरात.

त्या संध्याकाळी मी लिहिलं की केवडी बुद्रुक संयुक्त योजनेतून बाहेर पडत आहे. सर्वानुमते मंजूर.

स्वतःला मी हिवाळाभर सांगितलं ते एवढंच, की सवयीनं लिहिलं गेलं. तेही खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. खरं असं, की चार दिवस आधी भाऊबीजेला मी आक्काकडे गेलो होतो. ओसरीवर आठ-दहा माणसं बसलेली. दाजी मला बघून म्हणाले, “या, या, बुद्रुकवाले! आमचं घोटभर पाणी प्या. तुमच्या टाकीत काय, कबुतरंच हायत.” सगळे हसले. मीही हसलो. पाणी प्यालो, ओवाळून घेतलं, लाडू खाल्ला, आणि ते वाक्य बरगडीत घेऊन परत आलो. वही पुढ्यात ओढली तेव्हा ‘चर्चा झाली, निर्णय नाही’ असं लिहिणं हातात होतं. पेन टेकलेलं होतं. मी दुसरं लिहिलं. दाजींना एक धडा, एवढाच विचार डोक्यात. आणि अक्षर? त्या दिवशी इतकं सुंदर आलं होतं.

माझी बायको सुमन लसूण सोलत होती. तिनं मान तिरकी करून पान वाचलं.

“खरंच समदे हो म्हणले का ओ?”

“वहीची भाषा असते ती. तुला काय कळतंय त्यातलं.”

तिनं लसणाचं ताट उचललं आणि आत गेली.

ठराव तालुक्याला गेला. तिकडून उत्तर आलं: ठीक, मार्चअखेर वेगळे व्हा, पाणी कुठून घेणार तो आराखडा द्या. इथून आमचा हिवाळा सुरू झाला. खुर्दनं आमचं पाणी आठवड्यातून एकदाच केलं. तुम्हीच निघालात ना, मग सवय करून घ्या. हापशावर पहाटेपासून घागरींची रांग, तुरीच्या शेंगा वाळवायच्या त्या दिवसांत बायांचे हात दांड्यावर. पारावर दर आठवड्याला बैठक. नवी विहीर? जागा कुणी देईना. बोअर? दोन घेतले, दोन्हींतून धूळ वर आली. खुर्दकडूनच पाणी विकत घ्यायचं? नाक कापलं जातं. टाकी त्यांना देऊन टाकायची? मेलो तरी नाही. टँकर? त्याला पाणी कोणत्या विहिरीचं, खुर्दचंच. प्रत्येक पर्याय यायचा, रडायचा, मरायचा. ओढ्यावर सात घरांची वस्ती. रेशन बुद्रुकचं, नळ खुर्दचा. ते येऊन विचारायचे, “आमी कुणाचे मग?” तिकडे लंडनमध्येही आयर्लंडच्या सरहद्दीवर नेमकं हेच चाललेलं. मी बातम्या वाचायचो आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवायचो.

सगळ्यांना मागं फिरायचं होतं. हे मला एकट्याला नीट दिसत होतं. पण प्रत्येकाला वाटायचं की बाकी अख्खं गाव निघायचं म्हणालंय. अप्पा मला दुकानात बसवून गूळ फोडता फोडता म्हणाले, “सर, कागदावर सर्वानुमते हाय. मी एकटा कुठल्या तोंडानं मागं घेऊ? गावचा शब्द हाय तो.” गुळाचा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि मान डोलावली.

करडई काढायची ती पहाटे. दवानं काटे जरा नरमतात तेवढ्या वेळात. हातापायांना चिंध्या गुंडाळून लोक रानात उतरतात, लांबून बघावं तर जखमी फौज चाललीय असं वाटतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आक्काच्या शेतात मदतीला गेलो होतो. दाजी बाजाराला गेलेले, हे बघूनच गेलो. ऊन चढल्यावर काटे बोलायला लागले तसं काम थांबलं. बोरीच्या सावलीत आक्कानं भाकरी सोडली, वर हरभऱ्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी मोबाइलवर संसदेचं आठवड्यातलं भांडण लावलं. जेवताना सवयच झाली होती.

“हे सुटाबुटातले कशाला भांडून राहिले?” आक्कानं विचारलं.

मी समजावलं. माझा विषयच तो. ती घास चावत ऐकत होती.

“म्हंजे निघायचं ते ठरलं?”

“हो.”

“कसं, ते न्हाई ठरलं?”

“नाही.”

“आन् आता निम्म्यांना वाटून राहिलं की नगं निघाया. पर तोंडानं म्हणायचं कुणी?”

“तसंच काहीसं.”

आक्का खो खो हसली. हसता हसता तिला ठसका लागला. “अरे दत्तू, ह्यांचा बी ठराव तूच लिवलास का काय?”

ती थट्टा होती. वही माझ्याकडे असते हे दोन्ही गावांना माहीत. पण मी हातातली भाकरी खाली ठेवली. आक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला, मी घेतला नाही, आणि तिचं हसणं हळूहळू उतरलं. धाकट्या भावाचं तोंड वाचायला तिला काय लागतं.

मी सगळं सांगितलं. भाऊबीजेसकट. ती तळहातात रुतलेला काटा काढत बसली होती. माझं सांगून झालं तरी काढतच होती.

“तुझ्या दाजीच्या एका बोलण्यावर?”

“हो.”

“मग त्याच्याशी भांडायचास की. एक शिवी तू दिली असतीस, दोन त्यानं दिल्या असत्या, रातच्याला एका ताटात जेवला असता. गावाच्या नळाशी काय वैर होतं तुझं?”

“आक्का, चुकलं.”

“मला सांगून काय करू? माझं मत न्हाई तुझ्या गावात. ज्यांच्या सह्या हायत त्यांना सांग.”

“माझी इज्जत राहील का? मास्तर आहे मी.”

“तुझ्या इज्जतीनं हापशावरच्या घागरी भरून राहिल्यात का?”

तिनं भाकरीचं फडकं झटकलं, पुन्हा हाताला चिंध्या बांधल्या. उन्हात, काटे कडक झालेले असताना, ती एकटी करडईत शिरली. मी मागोमाग गेलो. त्या दुपारी हात सोलून निघाले आणि मला त्याचं बरं वाटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, पारावर सभा. विषय तोच. पुन्हा तेच पाच पर्याय, पुन्हा तोच कंटाळा. मी उभा राहिलो. मी म्हणालो, “दिवाळीनंतरच्या सभेत गावानं बाहेर पडायचं ठरवलंच नव्हतं. काहीच ठरलं नव्हतं. तुमच्या सह्या हजेरीच्या होत्या. वर सर्वानुमते लिहिलं ते मी. माझ्या रागापायी. गाव म्हणालं नव्हतं.”

अप्पांनी माझ्याकडून वही घेऊन ते पान उघडलं.

मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, “मी तवाच न्हाई म्हणलो होतो.”

“मी बी. पर वाटलं, समदे एका बाजूला हायत.”

“मला वाटलं तू हायस तिकडं!”

“मला वाटलं तू!”

नामदेवकाका उठले. सगळ्यांना वाटलं आता हे मला मारतात. “मी लई ओरडलो, कबूल. पर माझं म्हणणं एवढंच होतं की त्या मोटारवाल्याला कुणीतरी झापा!”

सभा फुटली. हसणं, शिव्या, टाळ्या, सगळं एकदम. शिव्या माझ्या वाट्याच्या होत्या आणि त्या मी उभ्यानं घेतल्या. एक तरुण शेतकरी, माझाच जुना विद्यार्थी, शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला लोकशाही शिकवली.” बाकी कुणाच्या शिवीनं लागलं नाही तेवढं ते लागलं.

अप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, विभूतीचा एक पट्टा पुसला गेला. “बरं. आता हात वर करा. कोण राहायचं म्हणतो...”

“हात नको अप्पा,” मी म्हणालो. “हात बघून हात वर होतात. लोकांना चालू द्या. निघायचं म्हणणारे शाळेच्या भिंतीकडे, राहायचं म्हणणारे लिंबाखाली.”

मग मागं देवळाच्या भिंतीला टेकलेल्या बायांत खळबळ झाली. एक म्हातारी कमरेवर हात देऊन उठली आणि लिंबाकडे चालू लागली. तिच्या मागं दोघी, मग सगळ्या. हापशाच्या दांड्यानं घट्टे पडलेले ते हात हलवत, पदर सावरत, धूळ उडवत. मग पुरुष. चपलांचा तो आवाज! जन्मात मी इतकं देखणं संचलन पाहिलेलं नाही. अप्पा पारावरून उतरले, आपली सरपंचकी, आपला शब्द, सगळं पारावर ठेवून लिंबाखाली जाऊन उभे राहिले. बचत गटाची शोभा खडूनं शाळेच्या फरशीवर रेघा ओढत मोजत होती. लिंबाखाली एकशे त्रेचाळीस, भिंतीशी एकोणीस. एकोणिसांची नावंही लिहिली. त्यांतला एक जण छाती काढून म्हणाला, “नीट लिव, काना-मात्रा सोडू नको.” ठराव मागं घेतल्याचं तालुक्याला कळवलं आणि पुढच्या रविवारपासून मोटार पुन्हा रोज सुरू झाली; पहिल्याच दिवशी माळावरच्या टाकीत पाणी आदळायचा आवाज ओढ्यापर्यंत आला, आणि दाजी स्वतः चावी फिरवायला आले होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांना एक शिवी दिली. त्यांनी दोन दिल्या.

त्याच महिन्याच्या शेवटी लंडनच्या सभागृहानं आठ पर्याय एकदम मतदानाला घेतले आणि आठही फेटाळले. वर्गात पोरं म्हणाली, काय सर, तुमची जननी! मी मात्र त्या दिवशी त्यांच्यावर रागावलो नाही. त्या वेळी चालणं नव्हतं, छापील कागद होता; पण आठ वेळा का होईना, ज्यानं त्यानं आपल्या नावानिशी, आपल्या हातानं हो की नाही ते लिहिलं होतं. कुणी त्यांच्या वतीनं सुंदर अक्षरात हो लिहून ठेवलं नव्हतं. पुढे त्यांची मुदत वाढली, निवडणूक झाली, आणि शेवटी ते निघालेच. त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या लिंबाखालची धूळ होती.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. पाण्याचं ठरल्यावर लोक पांगायला लागले, तेव्हा अप्पा म्हणाले, “थांबा, एक विषय अजून हाय. वही सरांकडं ठेवायची, का काढून घ्यायची?”

कुणी माझ्याकडे बघेना.

“चालतच ठरवा,” मी म्हणालो. “काढून घ्यायची म्हणणारे भिंतीकडे.”

लोक निघाले. आधी निघायचं म्हणणारे आणि राहायचं म्हणणारे, बुजत, हसत, खांद्याला खांदा लावून सगळे एकाच भिंतीशी. मीही चालत गेलो आणि त्यांच्यात उभा राहिलो. नामदेवकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मनात आलं, चला, निदान एवढं तरी खरोखर सर्वानुमते झालं.

“थांबा,” शोभा म्हणाली. “एक माणूस तिकडं हाय.”

लिंबाखाली सुमन उभी होती. एकटी. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

“वैनी, हिकडं या की,” अप्पा म्हणाले. “सर सुदिक हिकडंच हायत.”

“असू द्या. मी हितंच बरी.”

“का ओ?”

“वही त्यांनी बिघडवली, खरं हाय. मी डोळ्यानं बघितली. पर नीट बी त्यांनीच केली, समद्यांच्या पुढं. मला वाटतं राहू द्यावी त्यांच्याकडं.” तिचा आवाज चढला नाही. “माझं एकटीचं मत हाय. मोजा.”

शोभानं वही मांडीवर घेतली. आमच्या गावात पहिल्यांदाच सह्यांच्या आधी ठराव लिहिला जात होता. तिचं अक्षर वाकडं, ओळी वर चढलेल्या. बाजूनं सगळे, विरुद्ध एक, असं तिनं मोठ्यानं वाचलं. सुमन लिंबाखालून भिंतीपर्यंत चालत आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, “नाव बी लिव ना.”

शोभानं नाव लिहिलं. मग रांग लागली. त्या रांगेत उभं राहून मी माझी सही केली, मजकुराच्या खाली, बाकीच्यांच्या मागं, आणि वर एकदा वाचून घेतलं. वही गेली होती, ‘सर्वानुमते’ही गेलं होतं; आयुष्यात मी इतक्या थाटात कधी हरलो नव्हतो.